मराठी लेखनाची स्वतःची साइट: आधी फायली आणि पत्ते, मग साधन

प्रश्न थोडक्यात असा आहे: ब्लॉगरवर बारा वर्षांत लिहिलेल्या साडेतीनशे नोंदी, त्याआधीचे श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेले शंभरेक लेख आणि हजारभर फोटो. हे सगळं स्वतःच्या नावाच्या साइटवर आणायचं आहे. प्रोग्रॅमिंग येत नाही, दरवर्षीचा खर्च कमी हवा. साधन कोणतं घ्यावं आणि लेख लावावेत कसे?

साधनाचं उत्तर लगेच देतो: ह्यूगो, म्हणजे साध्या मजकुराच्या फायलींपासून साइटची पानं बनवणारा प्रोग्रॅम. पण कामाची सुरुवात तिथून करू नका. बहुतेक जण आधी थीम निवडतात, रंग ठरवतात, पाच-सहा लेख चढवतात आणि मग जुन्या फायलींत अडकतात. साइट अर्धवट राहते ती तिथेच. साधन काही वर्षांनी बदलावं लागणार हे धरूनच चला. जपायच्या गोष्टी दोनच: लेखाची साध्या मजकुराची फाइल आणि त्या लेखाचा पत्ता. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, ऑर्कुट २०१४ मध्ये, सर्वसामान्यांसाठीचं गूगल प्लस २०१९ मध्ये. ज्यांनी आपल्या फायली जपल्या होत्या त्यांचं लेखन टिकलं. पत्तेही स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे आपण नोंदवलेल्या साइटच्या नावावर असतील तर वाचकही टिकतात, कारण मागची यंत्रणा बदलली तरी कोणीतरी कुठेतरी दिलेली लिंक उघडत राहते.

आकाराची भीती बाळगू नका. हजार शब्दांचा मराठी लेख साध्या फाइलीत वीसेक केबी भरतो. तुमचे साडेचारशे लेख मिळून दहा एमबीच्या आसपास, म्हणजे मोबाइलच्या दोन-तीन फोटोंएवढे.

ब्लॉगरमधून बाहेर काढताना

ब्लॉगचा बॅकअप घेतला की नोंदींची एक मोठी एक्सएमएल प्रकारची फाइल मिळते. तिच्यात नोंदी असतात, प्रतिक्रिया असतात, लेबलं असतात. चित्रं मात्र नसतात, फक्त त्यांच्या लिंका असतात. वर्डप्रेसच्या निर्यातीचंही तेच आहे. लेख नव्या जागी नीट दिसतात, फोटोही दिसतात, म्हणून माणूस जुना ब्लॉग पुसून टाकतो आणि चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी उरतात. म्हणून सगळी चित्रं उतरवून घेईपर्यंत जुन्या ब्लॉगला हात लावू नका. ब्लॉगरच्या चित्राच्या लिंकेत मध्येच एस आणि एक आकडा असा तुकडा असतो, उदाहरणार्थ एस ३२०. तो छोट्या आकाराची प्रत देतो. तिथे एस आणि शून्य घातलं की चढवलेल्या मूळ आकाराचं चित्र मिळतं. छोटी प्रत उतरवून ठेवली तर पुढे मोठी करता येणार नाही.

मराठी शीर्षकाच्या नोंदींना ब्लॉगर नाव कसं देतो तेही पाहून घ्या. रोमन नसलेली अक्षरं तो पत्त्यातून गाळतो, त्यामुळे तुमच्या बहुतेक नोंदींचे पत्ते वर्ष, महिना आणि ब्लॉग-पोस्ट या शब्दापुढे एखादा आकडा असे असतील. पत्त्यावरून लेख ओळखता येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी एक तक्ता करा: जुना पत्ता, शीर्षक, मूळ तारीख, नवा पत्ता, आणि फोटो उतरवले का. साडेतीनशे ओळी भरायला दोन-तीन संध्याकाळी लागतील, पण पुढची सगळी कामं या तक्त्यावर चालतात.

श्रीलिपीतल्या फायली

इथे घाई केली तर लेख कायमचे बिघडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, आयएसएमचे जुने फॉन्ट यांत अक्षर साठवलं जात नाही, अक्षराचा आकार साठवला जातो. संगणकाच्या लेखी ती फाइल रोमन अक्षरांचीच असते आणि फॉन्ट त्या जागी देवनागरी आकार दाखवतो. कोणत्या जागेवर कोणता आकार हा तक्ता प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, आणि श्रीलिपीच्याच निरनिराळ्या फॉन्टांचे तक्तेही सारखे नाहीत. म्हणून आधी फाइल वर्डमध्ये उघडा, मजकुरावर क्लिक करा आणि वरच्या चौकटीत दिसणारं फॉन्टचं नाव आपल्या लेखांच्या तक्त्यात लिहून ठेवा. हा मजकूर आता युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या सामाईक अक्षरसंकेतांत आणायचा आहे. ते काम करणारा कन्व्हर्टर नेमक्या त्या फॉन्टचा नसेल तर निम्मी अक्षरं बरोबर आणि निम्मी चूक येतात.

जुन्या पद्धतीत अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. ‘किती’ लिहिताना जुन्या फाइलीत पहिली वेलांटी आधी आणि क नंतर. कन्व्हर्टरने ती क च्या मागे न्यायला हवी. हे सगळ्यांना जमतं. ‘स्थिती’मध्ये ती वेलांटी अर्ध्या स वरून उडी मारून थ च्या पलीकडे जायला हवी, तिथे कच्चे कन्व्हर्टर चुकतात. ‘मूर्ती’मध्ये रफार सगळ्यात शेवटी टाइप केलेला असतो, तो दुसरी वेलांटी आणि त ओलांडून मागे यायला हवा. म्हणून खरे लेख घालण्याआधी एक चाचणीची फाइल करा. त्याच फॉन्टात हे शब्द टाइप करा किंवा जुन्या लेखांतून वेचा: किती, स्थिती, मूर्ती, दुसऱ्या, कऱ्हाड, दुःख, वाङ्मय, बॅट, चॉक, श्री, ज्ञान, क्षत्रिय, हृदय, द्वंद्व, आर्द्र, राष्ट्र. हे सोळाही बरोबर आले तरच तो कन्व्हर्टर वापरा.

कन्व्हर्टरला मूळ वर्डची फाइल द्या, त्यातून कॉपी केलेला मजकूर नको. वर्डच्या फाइलीत कोणता तुकडा कोणत्या फॉन्टात आहे याची नोंद असते. ती गेली की लेखातली इंग्रजी नावं आणि आकडेही देवनागरी समजून बदलले जातात, आणि मग काय होतं ते ओळखायला मूळ लेख शेजारी ठेवावा लागतो.

कन्व्हर्टर मिळालाच नाही तर वेगळी वाट आहे. फाइल फॉन्टासकट उघडून तिची पीडीएफ करा आणि त्या पानांवर टेसरॅक्ट हे मोफत ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं साधन चालवा. त्याला मराठी येतं. पानाचं चित्र ३०० डीपीआयचं ठेवा. स्वच्छ छापील मजकुरावर निकाल चांगला येतो, आणि छापील कात्रणांनाही हीच वाट लागू पडते. मुद्रितशोधन मात्र दोन्हीकडे टळत नाही. हजार शब्दांना वीस मिनिटं धरा.

सारखे दिसणारे पण वेगळे शब्द

युनिकोड झालं म्हणजे काम संपलं असं नाही. ‘दुसऱ्या’ आणि ‘दुसर्‍या’ पडद्यावर सारखे दिसतात. पहिल्यात नुक्त्याचा ऱ आहे, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. एक शोधला तर दुसरा सापडत नाही. बारा वर्षांत कीबोर्ड बदलत गेलेले असतात, त्यामुळे तुमच्या लेखांत दोन्ही असणारच. विज्युअल स्टुडिओ कोड या मोफत संपादकात सगळं फोल्डर उघडा, शोधात रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुना देऊन शोधण्याची सोय) चालू करा आणि २००डी हा संकेतांक इंग्रजीत, आधी बॅकस्लॅश आणि छोटा यू लावून, शोधा: \u200D. अदृश्य चिन्हं सगळ्या फायलींतून एकदम दिसतील. र, हलन्त आणि हे चिन्ह या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त घाला. पण सरसकट सगळ्या ‘र्य’चे ‘ऱ्य’ करू नका. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढं अंतर आहे, आणि सूर्याचा ‘सूऱ्य’ होईल तो वेगळाच.

दुसरी जोडी ‘ॲ’ची. सलग ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी अ वर चंद्र देऊन काम भागवलं जाई. अ अधिक चंद्र या जोडीच्या जागी सलग ॲ घालणं निर्धोक आहे, एका फेरीत उरकतं. तिसरी गोष्ट विसर्गाची. कितीतरी लेखांत ‘दु:ख’, ‘नि:शब्द’, ‘अंत:करण’ यांत विसर्गाऐवजी कोलन असतो. शब्दाच्या मधला कोलन डोळे मिटून विसर्ग करा. शब्दाच्या शेवटी मात्र जपून: ‘स्वत:’ आणि ‘विशेषत:’ मध्ये विसर्ग हवा, ‘तो म्हणाला:’ मध्ये कोलनच हवा. त्यासाठी स्वतः, अंशतः, मुख्यतः, वस्तुतः अशी पंधरा-वीस शब्दांची यादी करून तेवढेच बदला.

फायली जतन करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ आहे ना ते पाहा. नोटपॅडमध्ये चुकून एएनएसआय निवडलं गेलं की सगळ्या देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात, आणि ती परत येत नाहीत.

पत्ता कसा असावा

पत्ता देवनागरीत ठेवण्याचा मोह होतो, आणि ब्राउझरच्या पट्टीत तो सुंदरही दिसतो. पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि पत्त्यात एकेक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांनी लिहिला जातो. ‘पावसाळा’ या शब्दात काने धरून सात चिन्हं आहेत, म्हणजे कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवला की त्रेसष्ट अक्षरांची न वाचता येणारी माळ. वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या या तुकड्याला दोनशे अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे मराठी शीर्षक बावीसेक चिन्हांवर कापलं जातं. माझा आग्रह रोमन अक्षरांतल्या छोट्या पत्त्याचा आहे: दोन-तीन शब्द, सगळी छोटी अक्षरं, मध्ये आडवी रेघ, लिप्यंतर जसं आपण मोबाइलवर सहज लिहितो तसं. वर टिंबं, खाली टिंबं असलेलं शास्त्रीय लिप्यंतर नको.

छोटी अक्षरं का, तर विंडोजला मोठ्या-छोट्या अक्षरांचा फरक कळत नाही आणि लिनक्सच्या सर्व्हरला कळतो. घरच्या संगणकावर सगळे फोटो दिसतात, साइट चढवल्यावर काही गायब होतात, याचं कारण बहुतेक वेळा फाइलीच्या नावातलं एखादं मोठं अक्षर हेच असतं.

पत्त्यात काय घालायचं नाही हे जास्त महत्त्वाचं आहे. विभागाचं नाव घालू नका. आज ‘प्रवास’मध्ये टाकलेला लेख उद्या ‘कोकण’मध्ये हलवावासा वाटेल आणि पत्ता बदलेल. साधनाची खूणही नको, फाइलीच्या नावाचं शेपूट नको. डोमेन, लेखाचं वर्ष आणि लेखाचं छोटं नाव एवढं पुरे. लेख पहिल्यांदा लिहिला ते वर्ष काही बदलत नाही, आणि वाचकाला लेखाचं वय एका नजरेत कळतं. एक खबरदारी: ह्यूगो हे वर्ष लेखाच्या तारखेवरून काढतो. लेख सुधारल्यावर मूळ तारीखच बदललीत तर पत्ताही बदलेल. सुधारल्याची तारीख लिहायला लास्टमॉड असं वेगळं खातं आहे, ते वापरा.

आता ह्यूगो

ह्यूगो ही एकच फाइल आहे, डेटाबेस नाही, सर्व्हरवर चालणारं पीएचपी नाही. मार्कडाउनमधल्या, म्हणजे साध्या मजकुरात दोन-चार खुणा घालून लिहिलेल्या लेखांची ती एचटीएमएलची, ब्राउझरला कळणारी पानं करते. साडेचारशे लेखांची साइट काही सेकंदांत तयार होते. तयार पानं कुठल्याही होस्टवर, म्हणजे साइट इंटरनेटवर ठेवणाऱ्या सेवेवर चालतात. जेकिल आणि इलेव्हन्टी ही याच जातीची साधनं, तीही चांगली आहेत, पण त्यांना मागे रूबी किंवा नोड अशी वेगळी सॉफ्टवेअर लागतात आणि तीन वर्षांनी नव्या संगणकावर तो सगळा पसारा पुन्हा मांडणं प्रोग्रॅमिंग न करणाऱ्याला जड जातं. पब्लीआय नावाचं बटणांनी चालणारं मोफत साधन आहे, घाबरलेल्या माणसाला ते फार सोयीचं, पण ते लेख स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं. साध्या फायली हातात राहाव्यात म्हणून ते मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवेन. मोबाइलवरून रोज लिहायचं असेल तर वर्डप्रेस ठीक आहे, मात्र त्याचे आणि प्लगिनचे अपडेट वर्षभर सांभाळावे लागतात.

सुरुवातीची मांडणी एखाद्या जाणकाराकडून एका दुपारी करून घ्या. नंतर तुमचं रोजचं काम एवढंच: एक फाइल लिहिणं. तिच्या माथ्यावर शीर्षक, तारीख, पत्त्यासाठी छोटं नाव, टॅग आणि जुना पत्ता अशा पाच ओळी असतात. अडचणी बहुतेक या पाच ओळींतच येतात.

शीर्षकात कोलन असेल, ‘पुणे: एक शहर’ असं, तर ते अवतरणचिन्हांत ठेवा, नाहीतर साइट तयारच होत नाही आणि चूक सांगणारा निरोप वाचून काही उमगत नाही. ती अवतरणं सरळ हवीत. वर्डमधून आलेली वाकडी चालत नाहीत. तारीख इंग्रजी आकड्यांत लिहा. मराठी कीबोर्ड चालू असताना तारखेत देवनागरी आकडे पडतात आणि ह्यूगोला ती तारीख वाटतच नाही.

नवा लेख चढवला, चूक कुठलीच दिसत नाही, आणि लेख साइटवर नाही, ही तक्रार तर सगळ्यांची असते. कारण वेळेचं आहे. तारखेपुढे वेळ लिहिली पण वेळक्षेत्र लिहिलं नाही तर ह्यूगो ती जागतिक वेळ समजतो. सकाळी दहाला लिहिलेला लेख त्याच्या हिशेबाने दुपारी साडेतीनला प्रसिद्ध व्हायचा असतो, आणि भविष्यातले लेख तो गाळतो. सेटिंगच्या फाइलीत टाइमझोनच्या जागी एशिया/कोलकाता असं इंग्रजीत, मधल्या तिरप्या रेघेसह घाला, प्रश्न मिटतो. लेख तरीही दिसत नसेल तर माथ्यावर ड्राफ्टची ओळ राहिली आहे का पाहा.

ह्यूगो फोल्डरच्या नावावरून विभागाचं शीर्षक करतो आणि त्याला इंग्रजी अनेकवचन लावतो, त्यामुळे ‘लेख’ विभागावर ‘लेख्स’ अशी पाटी लागते. प्रत्येक विभागात शीर्षकाची वेगळी फाइल ठेवली की हवं ते नाव येतं. सेटिंगमध्ये पत्त्यांतले स्वराघात काढणारं एक कलम आहे, ते फ्रेंचसारख्या भाषांसाठी. ते चालू केलं तर देवनागरी टॅगांच्या पत्त्यांतून उकार, अनुस्वार आणि हलन्त गळून पडतात, म्हणून बंदच ठेवा.

थीम साधी घ्या आणि तिची पूर्ण प्रत आपल्या फोल्डरमध्ये ठेवा. ह्यूगोच्या नव्या आवृत्तीत जुनी थीम मोडते हे नेहमीचं आहे. ज्या आवृत्तीवर साइट चालते तिचा क्रमांक लिहून ठेवा, ती फाइलही जपून ठेवा आणि होस्टच्या सेटिंगमध्ये तोच क्रमांक नोंदवा. गरज नसताना आवृत्ती बदलू नका.

विभाग आणि टॅग

विभाग चार किंवा पाच, त्याहून जास्त नको. विभाग म्हणजे लेखाचा प्रकार: ललित, प्रवास, पुस्तकांविषयी, टिपणं. टॅग म्हणजे लेखातला विषय. ब्लॉगरची लेबलं तशीच उचलू नका. बारा वर्षांत ‘पुस्तक’, ‘पुस्तके’, ‘पुस्तकं’, ‘वाचन’ असे चार टॅग झालेले असतात आणि प्रत्येकाखाली तीन-चार लेख विखुरलेले असतात. सगळ्या लेबलांची यादी एका कागदावर काढा, एकवचन की अनेकवचन हे ठरवा, आणि ज्याखाली तीनही लेख नाहीत तो टॅग काढून टाका. साडेचारशे लेखांना तीसेक टॅग पुष्कळ होतात.

मला टॅगांपेक्षा हाताने लिहिलेली अनुक्रमणिका जास्त मोलाची वाटते. नवा वाचक तारखेच्या क्रमाने बारा वर्षं मागे जात नाही. त्याच्यासाठी दहा-बारा पानं अशी करा की एका विषयावरचे आपलेच लेख तुम्ही निवडून, एकेका ओळीच्या ओळखीसह, वाचनाच्या क्रमाने लावले आहेत. ‘कोकणातल्या देवळांवरचे सात लेख: आधी हा वाचा, कारण पुढच्या लेखांतले शब्द इथे समजावले आहेत.’ हे काम कुठलंही साधन करून देत नाही आणि साइटला घरपण यानेच येतं. ज्या पानांत भर पडत राहते, शब्दसूची किंवा वाचलेल्या पुस्तकांची यादी, त्यांना तारखेच्या रांगेत बसवू नका. त्यांचा पत्ता वर्षाशिवाय ठेवा आणि वर ‘शेवटची भर’ म्हणून तारीख द्या.

जुन्या प्रतिक्रिया टाकून देऊ नका. लेखाच्या तळाशी साधा मजकूर म्हणून नाव आणि तारखेसह ठेवता येतात. इमेल पत्ते तेवढे काढा.

फोटो

मोबाइलचा फोटो तीन ते पाच एमबीचा असतो. रुंदी १६०० पिक्सेल आणि जेपीईजीचा दर्जा (क्वालिटी) ७५ ते ८० ठेवला की तो अडीचशे केबीच्या आसपास येतो आणि पडद्यावर फरक दिसत नाही. हजार फोटो मग पाव जीबीत बसतात. फोटोतली जागेची नोंद काढून टाका, नाहीतर अंगणातल्या जास्वंदीच्या फोटोबरोबर घराचे अक्षांश-रेखांशही जगाला मिळतात. मूळ फोटो साइटच्या फोल्डरमध्ये कधीच ठेवू नका. साइटच्या फायलींचा इतिहास ठेवणारं गिट हे साधन प्रत्येक आवृत्ती जपून ठेवतं, एकदा आत गेलेला पाच एमबीचा फोटो पुसला तरी इतिहासात वजन धरून राहतो.

मराठी वाचायला सुखाची व्हावी म्हणून

पानाच्या एचटीएमएलमधल्या पहिल्याच टॅगमध्ये (हा विषयाचा टॅग नव्हे) भाषेची खूण एमआर, म्हणजे मराठी, अशी हवी. बऱ्याच थीममध्ये ती ईएन, म्हणजे इंग्रजी, असते. ती बदलल्यावर दृष्टिहीन वाचकांचं वाचक-सॉफ्टवेअर मराठी आवाज निवडू शकतं, आणि ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले आहेत ते फॉन्ट हिंदी वळण सोडून आपलं वळण दाखवतात.

फॉन्ट म्हणून ‘एक टाइप’ या गटाचा ‘मुक्त’ किंवा आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ घ्या, दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत. फाइल वॉफ-२ या प्रकारात आपल्याच साइटवर ठेवा. आकार कमी करायला फॉन्ट छाटला जातो, तेव्हा जोडाक्षरांचे नियम छाटले जाऊ नयेत. ते गेले तर ‘क्ष’च्या जागी पाय मोडलेला क आणि सुटा ष दिसतो. ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.७ पट तरी हवं. इंग्रजी थीमचं १.४ ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. थीममध्ये शीर्षकांना अक्षरांतर दिलेलं असेल तर शून्य करा, कारण त्याने शिरोरेषा तुटते. तिरपी अक्षरंही नकोत. अवतरणासाठी समास वाढवा किंवा रंग थोडा फिका करा.

शोधासाठी पेजफाइंड वापरा, ते सर्व्हरशिवाय चालतं. मात्र मराठी विभक्ती ते उलगडत नाही. ‘पावस’ टाइप केलं तर पावसात, पावसाने, पावसाचा सापडतात, पण ‘पाऊस’ सापडत नाही. महत्त्वाच्या लेखांच्या टॅगांत मूळ रूप आलं आहे ना, एवढं पाहिलं तरी निम्मं काम होतं.

आरएसएस फीड, म्हणजे नवे लेख वाचकाच्या ॲपमध्ये आपोआप पोचवणारी यादी, जरूर ठेवा. फीड वाचायचं गूगल रीडर २०१३ मध्ये गेलं, तरी फीडने वाचणारे वाचक आजही आहेत आणि तेच सगळ्यात निष्ठेने वाचतात. ह्यूगोच्या मूळ साच्यात फीडमध्ये फक्त लेखाचा सुरुवातीचा भाग जातो. साचा बदलून पूर्ण लेख जाऊ द्या. पत्ते नंतर बदललेत तर फीडला सगळे जुने लेख नवे वाटतात आणि वाचकाच्या पुढ्यात एका रात्रीत ढीग पडतो. पत्ते आधी ठरवा म्हणतो त्याचं हेही एक कारण.

डोमेन, होस्ट आणि स्थलांतर

पैसे खर्च करायचे ते डोमेनवर. ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या खात्यात घ्या. साइट करून देणाऱ्याच्या खात्यात नको, हे ठामपणे सांगतो. त्या खात्याला जोडलेला इमेल त्याच डोमेनवरचा नको, कारण डोमेन बंद पडलं की आठवणीचं पत्रही पोचणार नाही. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांची नोंदणी होते. पाच वर्षांची तरी करा.

होस्ट म्हणून गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेस. पहिल्यावर साइट एक जीबीपर्यंत असावी अशी मर्यादा आहे, दुसऱ्याच्या मोफत योजनेत वीस हजार फायली आणि प्रत्येक फाइल पंचवीस एमबीपर्यंत. तुमच्या साइटला दोन्ही पुरेसे आहेत. फरक वळणांचा, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्या वाचकाला आपोआप नव्या पत्त्यावर नेण्याचा आहे: क्लाउडफ्लेअरवर एका साध्या फाइलीत जुना आणि नवा पत्ता लिहून कायमचं वळण देता येतं, गिटहबवर सर्व्हर वळण देत नाही, ह्यूगोने केलेल्या वळणाच्या पानांवर भागवावं लागतं. म्हणून मी क्लाउडफ्लेअर सुचवेन.

ब्लॉगरच्या मोफत पत्त्यावरून मात्र दुसऱ्या डोमेनवर असं एकेका नोंदीचं वळण देण्याची सोय नाही. आकडेवारीत सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या तीसेक नोंदींच्या माथ्यावर ‘हा लेख आता इथे आहे’ अशी नेमकी लिंक हाताने द्या, बाकीच्यांसाठी ब्लॉगच्या माथ्यावर एक सूचना. जुना ब्लॉग तसाच राहू द्या.

होस्ट बदलण्याआधी दोन दिवस डीएनएसचा टीटीएल, म्हणजे डोमेन कुठल्या होस्टवर आहे ही नोंद किती वेळ धरून ठेवायची तो आकडा, ३०० सेकंदांवर आणा. तो ८६४०० असेल तर काही वाचकांना दिवसभर जुनीच साइट दिसत राहते आणि काही बिघडलं आहे असं उगाच वाटतं.

प्रती

साइटचं फोल्डर घरच्या संगणकावर, एका बाहेरच्या डिस्कवर आणि गिटहबवर असं तीन ठिकाणी ठेवा. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये महत्त्वाची पानं स्वतः नोंदवा, पत्ता घातला की तत्काळ प्रत घेतली जाते. वर्षातून एकदा बाहेरच्या डिस्कवरून दुसऱ्या संगणकावर साइट उभी करून पाहा. ती उभी राहिली नाही तर काय राहिलं ते तेव्हाच कळतं, आणि बहुतेक वेळा थीमचं फोल्डर राहिलेलं असतं.

शेवटचं काम कागदावरचं आहे. डोमेन कोणाकडे नोंदवलं आहे, मुदत कधी संपते, खात्याचा इमेल कोणता, पासवर्ड कुठे ठेवला आहे, फायली कोणत्या डिस्कवर आहेत, ह्यूगोची आवृत्ती कोणती: या सहा ओळी मोठ्या अक्षरांत लिहा आणि घरातल्या कोणाला तरी दाखवून, घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा. डोमेनची मुदत वाढवली की त्या कागदावर नवी तारीख घाला.